भिंतीवरचं बटण

पुलावरून ताई भराभर चालल्या होत्या. संगणकाचा डबा त्यांनी चादरीत गुंडाळून पोटाशी धरला होता आणि मी चादरीचं लोंबतं टोक सावरत मागून चालले होते. रिक्षा करू म्हटलं, तर म्हणाल्या, "नको गं, हादरे बसतील. आधीच डोकं फिरलंय त्याचं."

कालही याच रस्त्यानं आम्ही तो दुरुस्त करून नेला होता. संध्याकाळी छान चालला, सकाळी परत तेच.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. भरतकामाच्या कारखान्यात असतात. त्या संगणकावर नक्षी काढतात, मग यंत्र ती कापडावर भरतं. संगणक मालकीणबाईंचा. तो फार रखडायचा, म्हणून बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यावर ताईंनी व्हिडिओ बघून त्यात जुन्या विंडोजच्या शेजारी लिनक्स घातलं, संगणक चालवणारी दुसरी, हलकी प्रणाली. कुणालाही न विचारता. लिनक्स झकास पळायला लागलं, पण विंडोज काही केल्या उघडेना. नक्षीचा प्रोग्रॅम चालतो तो फक्त विंडोजमध्ये. आणि बाई उद्या सकाळी येणार.

"न विचारता हात लावणारी बाई कामावर ठेवायची कशाला, असंच म्हणतील," ताई वळणावर एकदम म्हणाल्या. "मी मालकीण असते तर मीही म्हटलं असतं."

मी मनात देवाचं नाव घेत राहिले.

आम्हाला बघून दुरुस्तीवाल्यानं कपाळाला हात लावला. "काकू, काल चालू करून दाखवलं होतं ना!"

"इथं चालतं हो. आमच्याकडे एक रात्र काढली की रुसतं."

"म्हणजे माहेरची ओढ आहे," तो हसला. ताई हसल्या नाहीत.

संगणक लावला, तर सरळ लिनक्स आलं. त्यानं आतलं निळं पान उघडलं. "चालू झाल्यावर आधी कुणाला उठवायचं, विंडोजला की लिनक्सला, ते इथं ठरतं. काल मी विंडोज वर ठेवलं होतं. आज परत खाली गेलंय. कुणी हात लावला?"

"देवाशपथ, कुणी नाही."

मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. "आणि ही तारीख? ही तर कितीतरी वर्षं मागची."

"ती कधीपासूनच चुकते. बिलावर मी पेनानं खोडून नीट करते."

तो सावकाश वळला. "काकू, काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करता?"

ताईंनी अशी मान ताठ केली, की जणू त्यानं आंघोळ करता का म्हणून विचारलं होतं. "म्हणजे काय! करणारच."

पूर्वी त्या लाँड्रीत कामाला होत्या. तिथं कुणाची तरी इस्त्री चालू राहिली आणि टेबल जळालं. तेव्हापासून सगळी बटणं बंद केल्याशिवाय त्यांचा पाय खोलीबाहेर पडत नाही. अर्ध्या जिन्यावरून परत फिरतात.

"मग बरोबर," तो म्हणाला. "आत एक चपटा सेल असतो. वीज नसली की तारीख, क्रम, सगळं तोच लक्षात ठेवतो. हा मरायला टेकलाय. तासभर तग धरतो, रात्रभर नाही. आधी विंडोज एकटंच होतं, विसरला तरी उठवणार दुसरं कुणाला? आता आत दोघं आहेत."

त्यानं दुसरा सेल बसवला. "दुकानात पडून होता, पण बहुतेक चांगला असेल. भीती वाटत असेल तर आजची रात्र बटण चालूच ठेवा."

परत येताना ताई 'बहुतेक' हा शब्द सारख्या पुटपुटत होत्या.

कारखान्यात विंडोज उघडलं, नक्षी निघाली. ताईंनी संगणक बंद केला. कुलूप हातात घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. हात बटणाकडे गेला, मागे आला.

"राहू दे की एक रात्र चालू," मी म्हटलं.

"रात्रभर डोळ्यापुढे टेबल जळेल गं."

"मग बंद करा. देव आहे."

"देव काय सेल बघायला बसलाय?" त्यांनी डोळे पुसले. मग चपलांकडे वळल्या. "माझं एक काम कर. मी बाहेर थांबते. तुला सुचेल ते कर, चालू ठेव नाहीतर बंद कर. पण काय केलंस ते कळलं की झोप लागायची नाही; उद्या बाई येईपर्यंत मला सांगू नकोस."