जर्मन बुधाजी आणि सॅक्सनीची चित्रं

वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीत बुधाजी नावाचे दोघे होते. एक गिरणीत फिटर, त्याला सगळे नुसतं बुधाजी म्हणत. दुसऱ्याला जर्मन बुधाजी म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

हा दुसरा गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या कामाला. लढाईत तो पलटणीबरोबर आफ्रिकेत रस्ते बांधायला गेला, तिथं पकडला गेला, मग इटली आणि इटलीतून जर्मनी, असं त्याचं म्हणणं. तिथं सॅक्सनी नावाचा जुना राजेरजवाड्यांचा मुलूख, त्यात माइसन नावाचं गाव. खाली एल्बे नदी, तिच्यावर पूल, वर टेकाडावर किल्ला, त्याला खेटून दोन सुळक्यांचं चर्च. नदीच्या अल्याड रेल्वेच्या यार्डात आपण दोन हिवाळे वाघिणी रिकाम्या केल्या, हे तो बारा वर्षं सांगत होता. गावातल्या एका चर्चमधल्या घंटा कपबशीच्या मातीच्या आहेत, हेही सांगायचा. इथं मात्र ऐकणारे पोट धरधरून हसायचे. बरं, पुरावा मागावा तर कागद गावच्या घरात वाळवीनं खाल्लेले.

हसण्यावर भागत होतं तोवर ठीक होतं. पण छप्पन साली चाळीनं दीक्षा घेतली. बुधाजीचा आवाज खणखणीत, म्हणून दर रविवारी सकाळी पंचशील म्हणवून घ्यायचं काम त्याच्याकडे आलं. शेजारच्या खोलीतला गुणाजी दोन वर्षं गप्प बसला आणि एका रविवारी सगळ्यांदेखत बोलला, "सकाळी खोटं बोलणार नाय म्हनून आमच्याकडनं वदवून घेतोस, नि दुपारी मातीच्या घंटा वाजवतोस? ह्ये काम दुसऱ्याला द्या."

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण चारदोन माना हलल्या. बुधाजीच्या ते वर्मी लागलं. घरी आल्यावर बायको बकुळा म्हणाली, "सोडा की तो जर्मनीचा नाद. न्हाय बोललात तर काय अडलं?"

"खरं हाय ते खोटं म्हनू?" बुधाजी म्हणाला. बकुळा भाकऱ्या थापायला वळली. खरं सांगायचं तर तिचाही पुरता विश्वास नव्हता, आणि त्याला ते ठाऊक होतं.

आणि त्याच आठवड्यात चाळीच्या वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं झळकलं: रविवारी संध्याकाळी 'सॅक्सनी दर्शन', पडद्यावर रंगीत चित्रं, सादरकर्ते हेमचंद्र पाठारे, गिरगाव.

बुधाजीनं ते तीनदा वाचलं. मग धावत जिना चढून गुणाजीचं दार बडवलं. "गुणाजी! माझं गाव येतंय रे चाळीत!"

गुणाजी कसला वस्ताद. म्हणाला, "चित्र दिसल्यावर कुनीपन ओळखंल. आताच सांग, यार्डातनं बघितलं तर पूल कुठल्या हाताला?"

"डाव्या. किल्ला उजव्या."

"चुकलं तर पंचशील दुसरा म्हनंल नि जर्मनी बंद. कबूल?"

"कबूल!"

रविवारपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर गेली. त्या दिवसांत वाचनालयाची खोली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांनी सदा गजबजलेली. गर्दी आम्हाला नवी नव्हती, पण चित्रांच्या खेळाला जिन्यापर्यंत माणसं उभी, हे मी त्या दिवशीच पाहिलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पडदा म्हणून समितीच्या मोर्च्याचं कापड मागल्या बाजूनं टांगलं. बुधाजी इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. पाय एका जागी ठरत नव्हते.

हेमचंद्र पाठारे फोर्टात यंत्रं मागवणाऱ्या कचेरीत कारकून. यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन साहेबानं जाताना त्यांना काचेवरच्या चित्रांचा डबा, ती पडद्यावर दाखवायचं यंत्र आणि माहितीची पुस्तिका दिलेली. स्वतः ते पुण्यापलीकडे गेले नव्हते, पण बोलण्याचा थाट असा, की कालच बोटीतून उतरलेत. ड्रेस्डेनचे राजवाडे झाले, द्राक्षांचे मळे झाले. मग ते म्हणाले, "आता माइसन."

खट्ट आवाज झाला. यार्डाच्याच काठावरून घेतलेलं चित्र: नदी, टेकाड, किल्ला, दोन सुळके. सगळं होतं! बुधाजीच्या अंगावर सरसरून काटा आला. मग त्यानं पूल शोधला. पूल उजव्या हाताला होता.

"पूल उजवीकडे!" गुणाजी ओरडला. "ऐका हो, जर्मन बुडाला!"

खोली हशानं दणाणली. बुधाजी पडद्याकडे बघतच राहिला. बारा वर्षं आपणच चुकीचं आठवत होतो का? लोक म्हणतात ते खरं का? मग त्याची नजर काठाला लागलेल्या बोटीवर गेली आणि तो ताडकन उठला.

"सायेब, चित्र उलटं घातलंय तुमी!"

"अहो, बसा तुम्ही," पाठारे म्हणाले. "मी शंभर वेळा दाखवलंय हे."

"शंभर वेळा उलटं दाखवलंय! बोटीवरचा आकडा बघा, इंग्रजी चार. पोट कुठल्या बाजूला हाय त्याचं? दोन हिवाळे आकडे वाचून वाघिणी खाली केल्यात मी!"

पाठारे पडद्याजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग यंत्राकडे परत आले, काच काढून पालटली आणि पुन्हा घातली. पूल डावीकडे आला.

 आणि मग जो गलका झाला म्हणता! कुणी शिट्ट्या वाजवल्या, कुणी बाकं बडवली. एकानं विचारलं, "सायेब, मातीच्या घंटांचं काय?" पाठाऱ्यांनी पुस्तिका चाळली आणि मोठ्यानं सांगितलं, की माइसन चिनीमातीच्या भांड्यांचं गाव, तिथल्या एका चर्चच्या घंटा खरोखरच चिनीमातीच्या आहेत. गुणाजी उठला, सगळ्यांदेखत बुधाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "म्हन बाबा, तूच म्हन रविवारी." पाठारे दिलदार माणूस. त्यांनी हातातली छडीच बुधाजीला दिली. "बुधाजीराव, पुढचं तुम्हीच सांगा."

बुधाजीराव! बुधाजीला हसू आवरेना. छडी फिरवत त्यानं किल्ला दाखवला, यार्ड कुठं ते दाखवलं. पुढचं चित्र आलं. गावातला एक चौक, मध्ये कारंजं, त्यावर कुणा राजाचा पुतळा. त्याची छडी कारंज्यावर थांबली.

"इथं काय पाहिलंत?" पाठाऱ्यांनी विचारलं.

"इथं पानी प्यालो," बुधाजी म्हणाला. "उन्हाळा होता. बंदूकवाला शिपाई संगं. तो म्हनाला, पी. गावच्या बाया घागरी भरत होत्या, त्या बाजूला सरकल्या नि मला जागा दिली. त्या मुलखानं छावण्यांत कोंडून दुसऱ्यांचं काय केलं ते मी मागाहून ऐकलं. ते न्हाय विसरलो. पन गावच्या पान्याला हात लावायची माझी ती पयली खेप. तवा मी कैदी होतो."

 बायकांच्या बाजूनं बकुळा उठून उभी राहिली होती.

"बारा वर्सांत ह्ये मला कधी सांगितलं न्हाई तुमी," ती म्हणाली.

"घंटांना हसत व्हता सगळी," बुधाजी म्हणाला. "ह्याला हसला असता, तर मला सोसलं नसतं."