आता उघडलंच आहे तर

इंग्लंडमधल्या हिंकलीच्या मोज्यांच्या कारखान्यात ॲव्हरिल प्रॅटलीचं काम एकच होतं. मोज्याची बोटांकडची उघडी बाजू शिवायची, आणि ती अशी की पायाला शिवण टोचू नये. एकवीस वर्षं तिने तेच केलं. तिच्या बोटांना इतकी शिस्त लागली होती की ती बोलताना हात हलवत नसे. हात मांडीवर ठेवायची आणि बोलायची. नवरा डेझमंड याच्या उलट. तो विमा विकायचा, आणि बोलायला सुरुवात करण्याआधी त्याचे हात सुरू व्हायचे.

अडुसष्ट साली ऑक्टोबरात त्यांच्या दारात एक लॉरी थांबली आणि लाकडी खोकी उतरवून गेली. आत एक गाडी होती, सुटी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, ॲल्युमिनियमचे पत्रे, फायबरचे मडगार्ड आणि डबे भरभरून नटबोल्ट. तयार गाडी घेतली तर सरकारचा कर डोक्यावर बसायचा. सुटी घेऊन घरी जोडली तर माफ. अट एवढीच, की जोडायची कशी हे कंपनीने सांगायचं नाही. मग कंपनी गाडी खोलायची कशी याचं पुस्तक द्यायची, आणि लोक ते शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे वाचायचे.

डेसने ते पुस्तक एका रविवारी उलटं वाचायला घेतलं आणि चौथ्या पानावर त्याला झोप लागली. ॲव्हरिलने ते त्याच्या छातीवरून उचललं. दोन हिवाळे ती कारखान्यातून आली की कोट न काढता तशीच गॅरेजमध्ये जायची. अकराशे रिव्हेट तिने मारले. इंजिन एका जुन्या चारदारी गाडीचं होतं, मागचा कणा दुसऱ्याच गाडीचा, स्टिअरिंग तिसरीचं, आणि पुढचे दिवे भंगारातल्या एका ट्रॅक्टरचे. एकाचं दुसऱ्याला बसत नव्हतं. जिथे बसत नव्हतं तिथे तिने कानस घेऊन बसवलं, आणि कुठे काय घासलं ते डोक्यात ठेवलं. डेस टॉर्च धरायचा. मधूनच टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरून, गाडी झाली की आपण कुठे कुठे जाऊ ते सांगायचा.

गाडी झाली. दरवाजे नाहीत, छप्पर नाही, वजन इतकं हलकं की चार माणसं उचलून वळवतील. बसलं की रस्ता हाताला लागायचा. धुराडं बाजूने जायचं, त्यामुळे उतरताना पिंढरी एकदा तरी भाजायचीच. अशा गाड्या बांधणाऱ्यांचा तिकडे एक क्लब होता, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पायावर तो डाग होता. पहिल्यांदा बॉसवर्थच्या रस्त्याला गाडी काढली तेव्हा चालवायला ॲव्हरिल होती. वारा डोळ्यांत जाऊन पाणी येत होतं आणि ती हसत होती. तिचा हात त्या दिवशी मांडीवर नव्हता. आयुष्यात तिने तिच्या एकटीचं म्हणावं असं काही केलं असेल, तर ते हे होतं.

पुढच्या उन्हाळ्यात क्लबाने घरी बांधलेल्या गाड्यांमधून पहिली निवडली ती हीच. कप घ्यायला डेस गेला. कप छातीशी धरून त्याने भाषण केलं. पत्रा कसा वळवला, वायरिंग कसं जमवलं, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "माझ्या बायकोचेही आभार मानले पाहिजेत. दोन हिवाळे तिने चहा कमी पडू दिला नाही."

मैदानावर माणसं खळखळून हसली. ॲव्हरिल तिसऱ्या रांगेत होती. तिने टाळी वाजवली.

सप्टेंबरात डेस घर सोडून कोरलकडे राहायला गेला. कोरल त्याच्याच ऑफिसात टायपिस्ट होती, आणि तिचं घर तीन मैलांवर बर्बेजला. जाताना त्याने दोन सूटकेस नेल्या आणि गाडी नेली. नवरा गेल्याचं ॲव्हरिलला जेवढं लागायला हवं होतं तेवढं लागलं नाही. गाडीचं लागलं. ती वकिलाकडे गेली. वकिलाने शांतपणे विचारलं, गाडी तुम्ही बांधली याचा काही कागद आहे का. पावती डेसच्या नावावर, नोंदणी डेसच्या नावावर, कपावर कोरलेलं नाव डेसचं. ॲव्हरिलने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. वकिलाने ते पाहिले आणि म्हणाला, "हे कोर्टात चालायचं नाही, बाई."

त्या दिवशी तिने मनात दोन गोष्टी पक्क्या केल्या. गाडी परत आणायची. आणि ती कोणी बांधली हे डेसच्या तोंडून वदवून घ्यायचं, चारचौघांत, जसं श्रेय चारचौघांत गेलं होतं तसं. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. ते डेसनेच पुरवलं.

मार्चमध्ये, एका गुरुवारी संध्याकाळी, फोन वाजला.

"ॲव्हरिल, मी डेस."

"ओळखलं."

"क्लच घसरतोय गं. खालून हात घालून काही करता येईल का?"

ॲव्हरिल जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या लक्षात आलं की या माणसाला दुसऱ्या कोणाला विचारताच येणार नाही. साधा गॅरेजवाला चार गाड्यांची ही गोधडी हातात घेणार नाही. आणि क्लबात विचारायचं तर ज्याने गाडी बांधली त्याला क्लच कुठे आहे हे माहीत नाही, असं होणार. उभ्या परगण्यात त्याच्यासाठी एकच दार होतं, आणि ते तिचं होतं.

"खालून हात जात नाही," ती म्हणाली. "इंजिन वर काढावं लागेल."

"सगळं?"

"अर्धं निघत नाही, डेस."

तिने त्याला बारीकसारीक सगळं सांगितलं. आधी गाडीचं पुढचं नाक काढ, मग रेडिएटर, मग मागच्या चाकांकडे जाणारा दांडा. प्रत्येक शब्द खरा. आणि मग, फोन ठेवता ठेवता, ती म्हणाली, "आणि आता उघडलंच आहे तर..."

"तर काय?"

"काही नाही. तुझी गाडी, तू बघ."

या गाड्यांच्या माणसांना एक रोग असतो, आणि त्या रोगाचं नाव हे अर्धं वाक्य. दिव्याचा बल्ब बदलायला गेलेला माणूस 'आता उघडलंच आहे तर' म्हणून वायर तपासतो, वायरसाठी पुढची फळी काढतो, फळीसाठी स्टिअरिंग, आणि नाताळ येतो तेव्हा गाडी निजायच्या खोलीत पसरलेली असते. क्लबातल्या लेन गॅरटचा कार्ब्युरेटर तीन वर्षं त्याच्या न्हाणीघरात होता. बांधणाऱ्याला हा रोग झाला तर तो कधीतरी बरा होतो, कारण त्याला परतीचा रस्ता माहीत असतो. डेसला फक्त जायचा रस्ता माहीत होता, आणि त्यासाठी कंपनीचं पुस्तक त्याच्यापाशी होतं. पहिल्या पानाकडून वाचलं की ते पुस्तक अगदी सोपं होतं.

पुढच्या गुरुवारी फोन आला. इंजिन बाहेर निघालं होतं, आणि आता निघालंच आहे तर गिअरबॉक्सही उघडावा असं डेसला वाटत होतं. ॲव्हरिल म्हणाली, त्यात नुकसान काहीच नाही. खरंच नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी सांगाड्याला गंजाचे ठिपके दिसले. रंग द्यावा का? दे ना, ती म्हणाली, पण अर्धवट दिलास तर दिसेल. सगळं उतरवून दिलास तर शोभेल. डेसला शोभण्याचा सोस होता. मे महिन्यात वायरिंग उतरलं. जूनमध्ये पत्रे. उन्हाळाभर क्लबात डेस सांगत फिरला की तो गाडीचा पार कायापालट करतोय, आणि त्याचे हात हवेत नवीनच गाडी बांधत राहिले.

फोन ठेवला की ॲव्हरिल स्वतःसाठी दोन अंडी तळायची, आणि ती तिला फार चवदार लागायची.

खोटं तिने एकदाही सांगितलं नाही. एकदा तर उलटंच झालं. डेस म्हणाला, ब्रेकची एक नळी वाकलीय, तिथे पेट्रोलच्या नळीचा उरलेला तुकडा लावून टाकतो. ॲव्हरिल पायरीवरून उठून उभी राहिली. कोणती नळी, किती जाडीची, तोंड कसं वळवायचं, हे तिने पाव तासभर सांगितलं, त्याच्याकडून पाठ म्हणवून घेतलं, आणि तो चुकला तेव्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

हे लेनला कळलं ते शुक्रवारी, मासे आणि चिप्सच्या दुकानातल्या रांगेत. लेन जुना मेकॅनिक, सत्तरीचा, आणि तिकडच्या सगळ्यांसारखा तोही ओळखीच्या अनोळखी प्रत्येकाला 'डक' म्हणायचा, म्हणजे बदक, मायेने. त्याने डेसच्या गॅरेजात डोकावून पाहिलं होतं आणि त्याला एकूण अंदाज आला होता.

"डक," तो हळूच म्हणाला, "तू त्याला काही वाकडं सांगतेस का?"

"एक शब्दही नाही. ब्रेकचं तर घोकून घेतलं. मेलेल्या माणसाचं उट्टं काढता येत नाही, लेन."

"मग हे चाललंय काय?"

"तो विचारतो, मी सांगते. खोलायचं विचारतो, खोलायचं सांगते. जोडायचं त्याने अजून विचारलेलं नाही."

"आणि विचारलं तर?"

"त्याला ते मोठ्याने विचारावं लागेल."

लेनने रांगेत एक पाऊल पुढे टाकलं. म्हणाला, वर्षभर डूख धरून बसणं बाईमाणसाला बरं दिसत नाही.

"तूही हसला होतास," ॲव्हरिल म्हणाली. "चौथ्या रांगेत, माझ्या मागेच होतास. मला तुझं हसू ओळखता येतं, खोकल्यासारखं आहे."

लेनने चिप्सवर व्हिनेगर ओतलं, जरा जास्तच. मग आपल्याला यातलं काहीच माहीत नाही असं म्हणून तो निघून गेला.

आणखी एक हिवाळा गेला. गाडी एकोणतीस खोक्यांत होती आणि सांगाडा, सुंदर हिरव्या रंगाचा, भिंतीला टेकून उभा. गुरुवारचे फोन कमी झाले. जोडायचं कसं हे डेसने शेवटपर्यंत विचारलं नाही. एप्रिलमध्ये क्लबाच्या पत्रकात जाहिरात आली: गाडी, सुटी, सर्व भाग उपलब्ध, मालकाला वेळेअभावी विकणे आहे.

सुट्या गाडीचा क्लबात एक रिवाज होता. ती कधी डोळे झाकून विकत नसत, कारण एखादा भाग नाही हे दोन वर्षांनी कळतं. रविवारी सकाळी चार माणसं थर्मास घेऊन जमायची, आणि ज्याने गाडी बांधली तो एकेक भाग हातात घेऊन त्याचं नाव आणि जागा सांगायचा. बांधणाऱ्याने मोजलं की मोजलं; मग कोणी शंका घेत नसे.

त्या रविवारी कोरलच्या घरामागच्या गॅरेजात दहा-बाराजण जमले. ननीटनहून एक गिऱ्हाईक आलं होतं. पहिलं खोकं डेसने नुसत्या बोलण्यावर रेटून नेलं. दुसऱ्यात त्याचे हात मंदावले. तिसऱ्या खोक्यातून गिऱ्हाइकाने घासलेल्या लोखंडाची एक पट्टी काढली आणि विचारलं, ही कुठली.

"ती सुटी आहे," डेस म्हणाला.

"ते दिसतंय. कुठली?"

डेसने पट्टी उलटीसुलटी केली. कोणीतरी थर्मासचं झाकण फिरवलं. कोरल मागच्या दारात हात बांधून उभी होती; दीड वर्ष तिच्या गॅरेजात तिला सायकल ठेवता आली नव्हती.

"त्या बाईला बोलवा ना," ती म्हणाली. "दर गुरुवारी फोन करून तिलाच विचारत होता सगळं."

लेन पुढे झाला. मी आणतो, म्हणाला. तो हिंकलीला पोचला तेव्हा ॲव्हरिल कोट घालून, पर्स मांडीवर ठेवून खिडकीत बसली होती. दहा वाजल्यापासून बसली होती.

गॅरेजात शिरताच तिने आधी सांगाड्यावरून हात फिरवला. रंग डेसने खरंच चांगला दिला होता, आणि त्याचा तिला राग आला. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली की गाडी मी घेते, जाहिरातीतल्या किमतीला.

"तुला नाही विकणार," डेस म्हणाला.

"मग विकणार कोणाला?" लेन म्हणाला. "मोजल्याशिवाय इथलं खोकं कोणी उचलायचा नाही." गिऱ्हाइकाने आधीच टोपी डोक्यावर घातली होती. कोरल म्हणाली, कोणालाही विक, पण आज हे इथून गेलं पाहिजे.

डेसने हातातली पट्टी खोक्यात टाकली. "बरं. मोज तू, ॲव्हरिल."

"मी कशी मोजणार?" ती म्हणाली. "मोजतो तो बांधणारा. बांधली कोणी?"

डेसचे हात उठले आणि तसेच खाली आले. "तुला माहीत आहे."

"मला आहे. यांना नाही."

"ॲव्हरिलने बांधली," डेस मान खाली घालून पुटपुटला.

"दाराशी उभे आहेत त्यांच्यापर्यंत गेलं नाही."

"ॲव्हरिलने बांधली."

"किती?"

"सगळी." त्याचा आवाज फाटला. "सगळी हिनेच बांधली. पुरे?"

ॲव्हरिलने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. दहा-बाराजण आपापल्या बुटांकडे बघत होते. लेनही. तिला वाटलं होतं की आता कोणीतरी हसेल, निदान खोकल्यासारखं. ती थांबली, चांगली मिनिटभर थांबली. कोणी हसलं नाही.

मग तिने कोट काढून लेनच्या हातात दिला आणि पहिलं खोकं पायाने पुढे ओढलं.