उल्फहिल्दुरच्या कुरणाखालचं घर

खोऱ्यात उल्फहिल्दुरच्या शेताला सगळे नुसतं ‘कोत’ म्हणत. कोत म्हणजे खोपट. समोरच्या टेकाडावरचं होफ हे शेत मात्र चर्च असलेलं, जुन्या सरदारांचं. होफचा ब्रान्दुर मेंढ्या हाकताना तिच्या कुंपणापाशी हमखास थांबे.

"काय गं खोपटातल्या राणी, कॉफी आहे का?"

"सरदारांच्या घरी मिळत नाही वाटतं?" असं ऐकवूनच ती कॉफी देई.

पण आत कुठेतरी सलायचंच. तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या होफची कुळं. आजोबांनी शेत विकत घेतलं, तरी होफवाल्यांशी बोलताना वडिलांचा आवाज बारीक व्हायचा. तो तिनं ऐकला होता.

त्या उन्हाळ्यात ड्रीफा नावाची उत्खननवाली बाई खोऱ्यातल्या एकूण एक शेतात पोकळ सळई ठोकून खालची माती काढून बघत फिरत होती. कोणतं घर कधी वाढलं, कधी आटलं, हे तिला ताडून पाहायचं होतं. कोतमध्ये सळई वर आली, तशी ती आतल्या मातीकडे बघतच राहिली.

"उल्फहिल्दुर, तुझं कुरण उकरावं लागणार."

"ऐन गवतात? हिवाळ्यात मेंढ्यांना तुझी सळई चारू?"

पण पायाखाली काय आहे, ते तिलाही बघायचं होतं. दुसऱ्या सकाळी तिनं स्वतःच तेवढ्या तुकड्यातलं गवत कोवळंच कापून दिलं.

हेक्ला ज्वालामुखीच्या पांढऱ्या राखेचा जुना थर लागला. त्याच्याखाली मातीच्या रुंद भिंती, लांबलचक घर. ब्रान्दुरही बघायला आला.

"आधी दोन्ही घरं बरोबरीची होती," ड्रीफा म्हणाली. "मग होफ फुगत गेलं, भोवतालची शेतं आटत गेली."

ब्रान्दुरनं डोकं खाजवलं. "म्हणजे आमच्यांनी तुमचं गिळलं म्हण की!"

"गिळलंत. पचलं नाही."

तिघंही हसली. उल्फहिल्दुरचं लक्ष मात्र पांढऱ्या थराच्या वर गेलं होतं. तिथं काळ्या रेघा होत्या, अगदी पातळ.

"हे काय?"

"उकिरड्यावर टाकलेली चुलीतली राख. कुळांच्या दिवसांतली. खोऱ्यातली वरच्या अंगाची कितीतरी शेतं ओस पडली, पण इथं कुठंच खंड नाही. घर सोडून कुणी गेलंच नाही."

उल्फहिल्दुर खड्ड्यात उतरली. मोठ्या भिंतीला वळसा घालून तिनं त्या पातळ रेघांवर तळवा टेकला. मग तिनं वर हाक मारली.

"ब्रान्दुर, ये खाली. माझी माणसं दाखवते तुला."

तो टोपी काढून उतरला.