पिवळ्यावरची पांढरी ओळ

“मी काय म्हनलो ते नको सांगू. तुला काय दिसतंय ते सांग.” मोटारसायकलवर माझ्यामागं बसले की नानांचं हे सुरू व्हायचं.

आख्ख्या जुन्नर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही, आणि वारूळवाडीत आमच्या शेजारी राहायला आले कोण, तर रिटायर झालेले रेल्वे ड्रायव्हर. फाटा आला की मागून आवाज, “रस्ता मोकळा.” आपण बघायचं आणि उत्तर द्यायचं. एकदा कंटाळून मी नुसतंच “मोकळा” म्हणालो. समोर म्हैस आडवी उभी. नाना उतरले ते थेट नारायणगावापर्यंत चालत गेले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल, डोकं उठवतं.

कारण मला फार उशिरा कळलं. इंजिनात ड्रायव्हर सिग्नल मोठ्यानं बोलतो आणि असिस्टंटनं तो स्वतः पाहून पुन्हा बोलायचा असतो. स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला नुसता पिवळा असला तर गाडी सरळ जाणार. पिवळ्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ लागली, तर बाजूच्या रुळावर वळणार. वेग तीसवर आणायचा. एका संध्याकाळी नानांना ती ओळ दिसलीच नाही. ते म्हणाले, “पिवळा, सरळ.” असिस्टंटही तेच म्हणाला. रूळ बदलताना इंजिनाला असा हिसका बसला की दारात उभा असलेला असिस्टंट बाहेर फेकला गेला.

“दवाखान्यात मला म्हनला, साहेब, दिवे दिसले व्हते, पण तुमी सरळ म्हनालात,” नाना सांगत होते. “लई मान द्यायचा मला. त्या मानापायी गेला, भाऊ.”

त्यांना शांत जेवताना मी कधी पाहिलं नाही. मध्येच घास हातात धरून थांबायचे, मागं कुणी बोललं का म्हणून विचारायचे. कुणीच नसायचं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी नाना ओट्यावर बसलेले दिसले. छातीवर हात, सदरा घामानं चिंब, ओठ काळेनिळे.

“पित्त झालंय,” ते म्हणाले. “पडतो जरा.”

मला सगळं दिसत होतं. पण वडिलांच्या वयाचा माणूस, त्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं?

“पित्तच असंल, नाना,” मी म्हणालो.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग भिंतीला धरून आत गेले. चहाला हाक मारायला गेलो, तेव्हा अंग गार पडलं होतं.