वनमालानं शेवट वाचलाच नाही

वनमाला दाणी कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायची. कोण जगतं, कोण मरतं हे एकदा कळलं की मग ती पहिल्या पानाकडे वळायची. "मग जीवाले घोर नाही लागत," असं तिचं म्हणणं. मला याचा मनस्वी संताप यायचा. लेखकानं जीव काढून गुंता घालायचा आणि हिनं तो उभ्या उभ्या सोडवून मोकळं व्हायचं!

पण बाई होतीच भित्री. आम्ही दोघी एकाच सरकारी कार्यालयात नोकरीला होतो. डबा उघडण्याआधी ती झाकण हलवून पाहायची, न जाणो आत झुरळ असलं तर. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत आली की परत जाऊन ते ओढून बघायची. अशा बाईनं, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जुन्या रायपुरातलं सदर बाजारामागचं भाड्याचं घर सोडून नव्या रायपुरात फ्लॅट घेतला. राज्य नवं झालं, मंत्रालय तिकडे हललं, तिची बदलीही तिकडेच झाली. आज ना उद्या वस्ती होईल, असं सगळेच म्हणत होते. ती निवृत्त झाली तरी वस्ती काही झाली नाही. आठ मजल्यांची इमारत आणि बहुतेक दारांना कुलपं. तिच्या मजल्यावर राहतं घर आणखी एकच, समोरचं. तिथं शालिग्राम साहू राहायचे, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, तेही एकटेच. दोघांत "नमस्ते दीदी", "नमस्ते भैया" यापलीकडे बोलणं नाही.

"मले चोराची भीती नाही वाटत," ती एकदा मला म्हणाली. "चोर निदान येईन तरी. मी आत मरून पडली अन् कोणाले समजलंच नाही तं? याची वाटते."

"आमचं डोकं खाल्ल्याशिवाय तू काही मरत नाहीस," मी म्हणाले.

महिन्यातून एका शनिवारी, सदर बाजारात माझ्या दिराच्या कापडदुकानावरच्या खोलीत आमचं वाचक मंडळ भरतं. पुस्तकाची प्रत एकच, ती घरोघर फिरते. सगळ्यांचं वाचून झालं की आम्ही बसून मतं देतो, म्हणजे भांडतो. त्या खेपेला विलायतेतल्या एका खेड्यातल्या खुनाची जुनी कादंबरी होती, मराठीत आणलेली. पोस्ट सांभाळणारी एक एकटी बाई मारली जाते आणि सगळं गाव पडद्याआडून एकमेकांवर नजर ठेवून असतं. वनमालाचा नंबर शेवटचा होता. पुस्तक तिच्याकडे जाण्याआधी मी शेवटच्या प्रकरणाची पानं सुईदोऱ्यानं शिवून टाकली. गोधडीला घालतात तसे घट्ट टाके घातले. "उसवलेस तर मंडळातून काढीन," असं बजावलं. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "सुनीती, तो डॉक्टरच हाय ना? नुसतं हव म्हण."

"वाच."

"अवो, भेव वाटून राहिलं. हव म्हणाले काय जाते तुयं?"

हो-नाही काहीच न सांगता मी फोन ठेवून द्यायचे.

बैठकीच्या शनिवारी सगळे आले, वनमाला आली नाही. नव्या रायपुराहून येणारी बस म्हणजे लहरी कारभार, तेव्हा आम्ही वाट न पाहता सुरुवात केली. निरंजन कॉलेजात शिकवतो. खुनी आपल्याला तिसऱ्याच प्रकरणात कळला, असं त्यानं सांगितलं. तो प्रत्येक पुस्तकाबद्दल हेच सांगतो. मीराताईंना ते गावच पटलं नव्हतं. "शेजारणीच्या चिमणीतून सकाळी धूर निघाला नाही, म्हणून चार बायका दार ठोठावायला धावतात? इतक्या रिकामटेकड्या?" मी त्यांची री ओढली. आम्ही खूप हसलो. मधेच वनमालाला फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. "बसली असेल कुठल्या तरी पानावर घाबरून," मी म्हणाले आणि सगळे पुन्हा हसले.

तिच्याकडे काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं.

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शालिग्रामजींची बाल्कनी दिसायची. रोज सकाळी अंघोळ झाली की ते ओला गमछा कठड्यावर वाळत टाकायचे आणि दुपारी काढून न्यायचे. त्या शनिवारी निघायच्या गडबडीत तिचं लक्ष गेलं. गमछा कालचाच होता. वाळून कडक झालेला, वाऱ्यानं एका कोपऱ्यात गोळा केलेला. चिमणीच्या धुराचं ते पान अजून तिच्या डोक्यात होतं.

तिनं समोरची घंटी वाजवली. थांबली, पुन्हा वाजवली. आतून काहीच आलं नाही. तेवढ्यात मनात आलं, दार उघडलं आणि आत काही भलतंच असलं तर? ते आपल्यालाच पाहावं लागेल, आणि तेही एकटीला. तिची पाचावर धारण बसली. पिशवीत पुस्तक टाकून ती झपाझप जिने उतरली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. कंडक्टर म्हणाला, "चलना है क्या, दीदी?" तिनं पायरीवर पाय ठेवला. ही गेली की पुढची बस कधी येईल याचा भरवसा नव्हता. चढली असती तर तासाभरात ती आमच्यात बसून चहा पीत असती.

तिनं पाय खाली घेतला. शेवट ठाऊक नसताना पुढं जायचं, असं तिनं जन्मात कधी केलं नव्हतं.

फाटकावरच्या भैय्यालाल चौकीदाराला तिनं वर आणलं. तो कां-कूं करायला लागला. "साहब गांव गए होंगे, दीदी. ताला तोडेंगे तो मेरी नौकरी जाएगी." एरवी त्याच्याशी ती हिंदीतच बोलायची. त्या वेळी मराठीतच ओरडली, "तोड! मी सांगून राहिली नं, तोड!"

शालिग्रामजी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, ओरडून ओरडून घसा बसलेला, पण डोळे उघडे. वनमालानं फरशीवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. तिचा फोन आत पिशवीत वाजत होता. तो आमचा होता.

अँब्युलन्समध्ये त्यांच्या तोंडून शब्द फुटले. "घंटी सुनी थी मैंने, दीदी. आवाज नहीं निकली. फिर आपकी चप्पल सुनाई दी, नीचे जाती हुई."

शालिग्रामजी वाचले. पण त्यांचं हे बोलणं वनमालानं मला दोनदा सांगितलं.

पुढच्या बैठकीला ती आली. पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं. माझे टाके जसेच्या तसे होते. निरंजननं विचारलं, "मग काकू, तुमचं मत?"

ती उभी राहिली. "खुनी कोण, मले माहीत नाही. वाचावंसं नाही वाटलं. पण तुम्ही त्या गावाले हसले म्हणे. ती बाई मेली, तं सकाळचा चहा व्हायच्या आत लोकं दारात होते. मी त्या दिवशी बसमध्ये चढली असती तं?"

ती बसली. मीराताईंनी आपला चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

जिना उतरताना तिनं माझा हात धरला. "रोज सकाळी मले एक फोन करशीन? बोलू नको काही. उचलला का नाही, तेवढं पाह्य." मी कुरकुरत हो म्हणाले आणि तेव्हापासून रोज करते.

काल तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. तिसऱ्यांदा लावला. वाजून वाजून बंद पडायच्या बेताला तिचा आवाज आला.

"कुठं मेली होतीस?" मी ओरडले.

"अवो, नळाले पाणी आलं होतं." मग तिनं विचारलं, "काहून? भेव वाटलं का वो, सुनीती?"

माझं दूध गॅसवर उतू गेलं होतं. एका पायात चप्पल होती, दुसरी सापडत नव्हती.

"हव," मी म्हणाले.