शोभणारं उत्तर

आत्यांचं एक ठाम मत होतं, उत्तर खरं असण्यापेक्षा शोभणारं असावं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. डॉक्टरांनी "गोड खाता का?" विचारलं की त्या "छ्या, न्हाई बाई" म्हणत, आणि पदराच्या टोकाला पेढा बांधलेला असे. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं तर "कापडाच्या धंद्यात हाय" म्हणून मोकळ्या होत. माझा नवरा चादरीच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. म्हणजे खोटं काहीच नाही, खऱ्यालाच नुसती इस्त्री केलेली. तुमच्याही नात्यात अशी एक असेलच.

आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा माझं एम.ए. अर्धवट होतं, विषय समाजशास्त्र. ते पुरं करायचं म्हटल्यावर गावाकडनं चुलत सासरे खास एसटीनं आले. म्हणाले, "सून शिकून काय कलेक्टर हुनार हाय व्हय?" आत्यांनी त्यांच्यापुढे भाजलेल्या शेंगांचं ताट सरकवलं. "व्हईल की! भावजी, तुमी शेंगा खावा." विषय तिथंच मिटला. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या भाकऱ्या आत्याच थापायला लागल्या, आणि मी पुस्तक घेऊन बसायला लागले.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. मी सासू-सुनेचं नातं घेतलं. गल्लीतल्या घराघरांत जायचं, सासूची मुलाखत वेगळी, सुनेची वेगळी. गाईड मॅडमची त्यावर सही झाली तरच परीक्षेला बसता येणार होतं. यंदा राहिलं तर कायमचं राहिलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. त्या वर्षी त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू दणक्यात केलं आणि मला मात्र "तू जा, अभ्यास कर" म्हणून आतल्या खोलीत पिटाळलं.

मग माझ्या मुलाखती सुरू झाल्या. काय सांगू! प्रत्येक सासू म्हणे, "सून न्हाई, लेक हाय माजी." प्रत्येक सून खाली बघून म्हणे, "सासूबाई म्हणजे माझी आईच." समोरच्या नरसम्मांच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी कामापुरतं. त्यांनीसुद्धा हेच घडाघडा म्हणून टाकलं. याच नरसम्मांचं सुनेशी भांडण रंगलं की लोक टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत बसायचे.

मॅडमनी सगळ्या मुलाखती वाचल्या आणि चष्मा काढला. "हे सोलापूर आहे की वैकुंठ? एकाही घरात भांड्याला भांडं लागत नाही? पुन्हा जा. अशावर मी सही करणार नाही."

रडत घरी येताना नरसम्मांची सून भेटली. तिला काय झालं ते सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "तुमच्या आत्यांनीच शिकवलं की ओ सगळ्यांना. हळदीकुंकवाला."

माझं डोकंच फिरलं. घरात पाऊल टाकताच मी ओरडले. आत्या बिचाऱ्या पिठाच्या हातानंच बाहेर आल्या.

"आगं, तू पास व्हावीस म्हणून पाठ करून घेतलं की! नरसम्माला तर दोनदा म्हनायला लावलं."

"आत्या, त्यात खरं सांगायचं असतं!"

"घरातलं उणं चव्हाट्यावर मांडायचं, आन् त्याला मार्क? असलं कसलं गं शिक्षान?"

मी वही आपटली आणि आत निघून गेले. त्या रात्री त्या न जेवता झोपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "ल्ही. खरं सांगते. पन मधी रडायचं न्हाई."

मी लिहायला घेतलं.

"पयलं वरीस तू मला आवडली न्हाईस. सकाळी पुस्तक घिऊन बसायचीस, आन् हितं चुलीपुढं माजा जीव जळायचा. तू आळशी म्हणून न्हाई. मी सातवीत पयली आले हुते. मास्तर घरी सांगाय आले, तवा मी मेंढरामागं गेल्याली. शाळा त्याच्या आदीच सुटली हुती. तुजा हेवा वाटायचा मला, लई."

"मग मला शिकू कशाला दिलंत?"

"मग काय करू? माज्या सासूनं मला पुस्तकाला हात लावू दिला न्हाई, तेच मी करू व्हय?"

रडायचं नाही असं ठरलं होतं. ठरलेलं मोडलं, दोघींनीही. इतका राग आला होता मला त्यांचा, आणि त्या घटकेला तितकीच माया आली.

मग त्या स्वतःच दारोदार फिरल्या. "आता खरं बोला गं. पयलं चुकलं माजं." बायका बोलल्या. हवं त्यापेक्षा जास्तच बोलल्या. मॅडम खूश झाल्या, म्हणाल्या, आता कशी विविधता आली! इकडे गल्लीत महिनाभर कुणी कुणाला वाटीभर विरजण देईना.

सही झाली, मी पास झाले. आत्यांनी पेढे वाटले आणि वाटता वाटता डॉक्टरांच्या नावानं दोन खाल्लेही.

आता मी कॉलेजात मुलींना संशोधनपद्धती शिकवते. मुलाखत देणाऱ्यात गुंतू नका, असं पुस्तकात आहे तसंच बजावते. आत्या गेल्या पावसाळ्यात गेल्या.

त्यांच्या मुलाखतीतला शेवटचा प्रश्न होता, 'या नात्यात पुढे काय बदल व्हावासा वाटतो?' आत्या म्हणाल्या होत्या, "फुडच्या जल्मी तू सासू हो. मी सून हुते. मला शिकीव."

मॅडम म्हणाल्या, हे उत्तर प्रश्नाला धरून नाही, गाळून टाक. मी गाळलं नाही. त्याचे मार्क गेले असतील तर जाऊ देत. मी तेव्हा आत्यांना "बरं" म्हणाले होते, आणि तेवढं एक माझ्याकडून व्हायचं राहिलंय.