दादांचा संगणक उघडणाऱ्या वहिनी

संगणकाचं झाकण काढलं, की वहिनी आधी दोन्ही हात आतल्या उघड्या पत्र्यावर टेकवायच्या आणि क्षणभर तशाच थांबायच्या. अंगातली वीज पत्र्यात उतरावी, आतल्या नाजूक भागांना झटका बसू नये, म्हणून. पण त्या थांबण्यात भीतीही असायची. कारण आमच्या दादांना बोलायला त्या संगणकाशिवाय काही उरलं नव्हतं.

दादा माझे चुलतभाऊ. सोनपेठला आमची घरं भिंतीला भिंत लागून. लकव्यानं दादांची वाचा गेली, हातपाय गेले. फक्त मान आणि पापण्या हलायच्या. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या वहिनींनी कुठून कुठून वाचून घरातल्या जुन्या संगणकाला कॅमेरा जोडला. दादांनी मान वळवली, की पडद्यावरचा बाण सरके. एखाद्या अक्षरावर स्थिरावला, की ते अक्षर उमटे. वाक्य पुरं झालं, की संगणक ते मोठ्यानं बोलून दाखवी.

पण संगणक थकला होता. मान इकडे, बाण तिकडे. एकदा दादांच्या पाठीला पडून पडून जखम झाली होती. ते सांगायला गेले आणि बाण मध्येच गोठला. वहिनींना कळेपर्यंत चादरीला रक्त लागलं होतं. त्यानंतर दादा पडद्याकडे बघेनातच. डोळे मिटून पडून राहायचे.

“हे बोलायचंच सोडायलेत, भावजी,” वहिनी मला म्हणाल्या. “आता थांबून जमायचं न्हाई.”

परभणीच्या दुकानदारानं खेळांसाठी लागणारं भारी ग्राफिक्स कार्ड सुचवलं. मलाही ते पटलं. वहिनींचं एकच म्हणणं, “आधी अडतंय कुठं ते बघू.” दादांना कसंबसं लिहायला लावून त्या पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे बघत बसल्या. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, सदा भरलेली, आणि जुनी हार्ड डिस्क धापा टाकत असलेली. मग ठरलं: रॅम वाढवायची, हार्ड डिस्कच्या जागी तिच्याहून वेगवान एसएसडी घालायची. मी आणलेली पहिली रॅम खाचेत जाईना. मी अंगठ्यानं जोर लावणार, तेवढ्यात त्या ओरडल्या, “दाबू नका! बसत न्हाई म्हणजे ती आपली न्हाई.” तिच्या कडेला कापलेली खाच आमच्या संगणकाशी जुळत नव्हती. मी ती बदलून आणली.

रविवारी सकाळी त्या दादांच्या उशाशी बसल्या. “आज दिवसभर तुमाला बोलता येणार न्हाई. करू का?” दादांनी बऱ्याच वेळानं पापण्या मिटून होकार दिला.

एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा वहिनींचा नेम. आधी रॅम. बटण दाबलं, पंखा फिरला आणि आतून पीं पीं सुरू झालं. पडदा काळाच. दादांचा श्वास भराभर चालू झाला, तो मला पलंगावरून ऐकू येत होता. “परभणीला नेऊ,” मी म्हणालो. वहिनींनी संगणक बंद केला. रॅम काढली, तिची सोनेरी कड खोडरबरानं घासली, पुन्हा बसवली. कट्ट असा आवाज येईपर्यंत. पडदा उजळला, तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता.

मग जुन्या डिस्कवरचं सगळं एसएसडीवर उतरवायला घेतलं. जुनी डिस्क कटकट वाजत होती. काम शेवटाला आलं आणि लाइट गेली. थोडा वेळ वीज पुरवणारा यूपीएस ओरडू लागला.

“थोडंच राहिलंय, वहिनी, चालू द्या!”

“ही डिस्क अशी झटक्यानं बंद पडली तर परत उठायची न्हाई,” म्हणत त्यांनी स्वतःच काम थांबवलं आणि संगणक नीट बंद केला. मग त्या उकाड्यात दादांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून बसून राहिल्या. लाइट आली, तेव्हा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

दिवेलागणीला एसएसडी बसवून त्यांनी कॅमेरा दादांच्या चेहऱ्यासमोर धरला, बाणाचा वेग जुळवला. दादांनी डोळे उघडले. बाण मानेबरोबर सरकला. संगणक बोलला, “उशी वर कर.”

वहिनींनी उशी उचलली.

“अजून.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यानंतर दादा मध्येच बोलू लागले, वहिनींचं म्हणणं खोडू लागले. “पहिल्यासारखे भांडायलेत लय,” त्या गल्लीत सांगत सुटल्या.

गेल्या उन्हाळ्यात दादा गेले. काही महिन्यांनी चारठाण्याच्या एका शिक्षिकेच्या वडिलांची तीच अवस्था झाल्याचं कळलं. वहिनींनी संगणक गाडीत घातला. वाटेत मी चाचरत म्हणालो, “वहिनी, तो बोलतो तो आवाज तरी बदलू. दुसरा टाकता येतो.”

“राहू द्या. त्या म्हाताऱ्यांनाबी शोभंल,” त्या म्हणाल्या.

चारठाण्यात वहिनींनी सगळं जोडून दिलं. म्हाताऱ्यांना पहिलं वाक्य लिहायला बराच वेळ लागला. मग ज्या आवाजानं आमच्या घरात दिवसभर वहिनींना हाका घातल्या होत्या, तोच आवाज त्या परक्या घरात बोलला, “म्हशीला पाणी दावलं का?”

लेक हसली आणि रडायला लागली. वहिनींचा हात माउसवर थांबला होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“मान थकायलीय त्यांची,” वहिनी म्हणाल्या. “बाण जरा हळू करते.”